आमचा गळका मांडव

मिरा रोडला आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर एकदा असा मांडव उभा राहिला, की त्याचं छप्पर गळकं व्हावं म्हणून अख्खी सोसायटी कामाला लागली. हे मी कुणालाही सांगितलं की माणूस आधी माझ्या तोंडाकडे बघतो आणि मग दाराकडे. मी वाढवून सांगते, असा माझ्यावर घरात आरोप आहे. आरोप करणारी माझी मुलगी, वय वर्षं नऊ. नवरा आरोप करत नाही. तो गप्प बसतो, आणि त्याचं गप्प बसणं एवढं जोरदार असतं की शेजारचे टीव्हीचा आवाज कमी करून ते ऐकतात.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. पूर्वजांचं जहाज कोकणच्या किनाऱ्यावर फुटलं, वाचले ते रायगडातल्या गावांत राहिले, तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवू लागले, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायला लागले. इथपर्यंतचं सगळेच सांगतात. पुढचं फक्त मी सांगते. त्या फुटलेल्या जहाजातून माझी एक पणजी डोक्यावर पातेलं धरून पोहत आली, आणि पातेल्यातला रस्सा सांडला नाही.

"मम्मी, दोन हजार वर्षांपूर्वीची बाई तुझी पणजी कशी असेल?" मुलगी विचारते.

"आपल्या घरात बायका उशिरा म्हाताऱ्या होतात," मी सांगते.

बेव्हर्ली पार्कातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये ज्यूंचं घर एकच, आमचं. त्यामुळे आमच्या सणांची चौकशी वर्षभर लिफ्टमध्ये चालू असते. तुमची दिवाळी कधी? मी सांगते, आमच्यात दिवाळी नाही, पण हिवाळ्यात दिव्यांचा सण असतो, रोज एक दिवा वाढवत जायचा. "म्हणजे दिवाळीच की," असं म्हणून माणूस आपल्या मजल्यावर उतरतो. होळीच्या सुमाराला आमचा एक सण येतो, मुलं सोंगं काढतात, धिंगाणा घालतात. माझी आजी त्याला सरळ होळीचा सणच म्हणायची. नवं वर्ष म्हणजे नव्याचा सण. मग दार लावून घरात बसायचं आणि कडकडीत उपास करायचा तो दार्फाळणीचा सण. आणि उपास सुटून आठवडाही होत नाही तोच मांडवाचा सण. मिसर देशातून, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून, सुटल्यावर आमचे लोक वर्षानुवर्षं रानात खोपटी घालून राहिले, त्याची आठवण म्हणून घराबाहेर मांडव घालायचा आणि सात दिवस त्यात जेवायचं.

आता मिरा रोडला घराबाहेर म्हणजे कुठे? घराबाहेर जिना, जिन्याबाहेर पार्किंग, पार्किंगबाहेर वडापावची गाडी. म्हणून आमचा मांडव तोवर बाल्कनीत व्हायचा. ग्रिलला दोन जुन्या साड्या, वर कागदाच्या पताका, सुतळीला टांगलेली पुठ्ठ्याची फळं, आणि वॉशिंग मशीनवर ओढणी पसरून तयार केलेलं जेवणाचं टेबल. चौघं आत बसलो की एकाला श्वास सोडताना दुसऱ्याला घ्यावा लागायचा. मला तो मांडव राजवाड्यासारखा वाटायचा, आणि मुलांनाही. एका रविवारपर्यंत.

दर रविवारी सकाळी लॅपटॉपवर मुलांचा हिब्रूचा वर्ग असतो. टीचर ठाण्याच्या. धाकटा पाच वर्षांचा आहे, तो वर्गात फक्त हजेरी देतो आणि टेबलाखाली जातो. मुलगी मात्र टीचरचा शब्द खाली पडू देत नाही. आमच्या घरात धर्म वरून खाली येत नाही, खालून वर चढतो. त्या रविवारी वर्ग संपला, ती लॅपटॉप मिटून स्वयंपाकघरात आली आणि एखाद्या डॉक्टरने रिपोर्ट सांगावा तसं म्हणाली, "मम्मी, आपला मांडव खोटा आहे."

"काय झालं त्याला?"

"छपरातून आभाळ दिसलं पाहिजे. आपल्या छपराच्या वर पाचव्या मजल्याची बाल्कनी आहे. आपल्याला त्यांच्या कुंड्यांचं बूड दिसतं."

मी म्हटलं, देव मनातलं बघतो. ती म्हणाली, "देव बघतो, पण मी बिल्डिंगमधल्या सगळ्या मुलांना सांगितलंय की यंदा खरा मांडव. सगळ्यांना बोलावलंय. मागच्या वर्षी मी बोलावलं तेव्हा दोघंच आली आणि म्हणाली, ही तर तुमची बाल्कनी आहे." एवढं बोलून तिने पाण्याचा ग्लास भरला आणि तो प्यायचा विसरून तसाच हातात धरून उभी राहिली.

ही मुलगी सहसा रडत नाही. पण तिची हनुवटी थरथरली, आणि हनुवटी थरथरणं हे आमच्या खानदानात जहाज फुटण्याच्या खालोखाल मानतात. त्याच क्षणी मी ठरवलं. मांडव गच्चीवर.

गच्चीची किल्ली चेअरमन काकांकडे. चेअरमन काका गुजराती, मूळचे भावनगरकडचे, स्वभावाने लोण्यासारखे. पण त्या वर्षी गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून घेतल्यापासून ते गच्चीविषयी तान्ह्या बाळासारखे हळवे झाले होते. वर कुणी जोरात पाय आपटला तरी त्यांना खाली पहिल्या मजल्यावर दुखतं. मी नवऱ्याला बरोबर घेतलं, कारण नवरा शेजारी गप्प उभा असला की माझं बोलणं फार खरं वाटतं.

"देखो बेन," चेअरमन काका म्हणाले, "एक तो टेरेसला खिळा नाय ठोकायचा. आणि ते दिवशी तर टेरेस बुक हाय. कोजागिरी."

झालं होतं असं की, आमचंही पंचांग चंद्रावर चालतं आणि पौर्णिमा सगळ्यांची एकच. त्या वर्षी आमच्या मांडवाची पहिली संध्याकाळ आणि कोजागिरी बरोब्बर एकमेकींच्या डोक्यावर येऊन बसल्या होत्या. दुसरी कुणी असती तर परत फिरली असती.

"म्हणूनच तर आले, काका," मी म्हटलं. "कोजागिरीसाठीच मांडव हवाय."

"कोजागिरी में मांडव का क्या काम? मून बघायचा असतो."

"मून बघा की. पण दवाचं काय?"

"दवाचं काय?"

"ऑक्टोबरचं दव दुधात पडलं की दूध फाटतं." हे त्या क्षणापर्यंत मलाही माहीत नव्हतं. "आमच्या रायगडात तर पातेलीच्या पातेली फाटायची. सकाळी गावभर पनीर."

नवऱ्याने पंख्याकडे बघितलं आणि पंख्याचा अभ्यास सुरू केला. चेअरमन काका हळूहळू म्हणाले, "इतने साल हमारा कैसे नहीं फटा?" मी म्हटलं, "नशीब." त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली. अट एकच, खिळा नाही.

संध्याकाळपर्यंत दवाची बातमी बिल्डिंगभर झाली. सातव्या मजल्यावरून ती खाली परत आली तेव्हा तिच्यात कुणीतरी हॉस्पिटलात ॲडमिट झालं होतं. एवढं मी सांगितलं नव्हतं. मी बातमी लावते, तिला खतपाणी लोक घालतात.

बांबू गोडदेवच्या एका मंडपवाल्याकडून आले. राहिल्या नारळाच्या झावळ्या, त्या आणायला मी आणि मुलगी स्कूटरवरून चेण्याला गेलो. तिथे एका वाडीत बाई अंगण झाडत होत्या. मुलीने झावळ्या मागितल्या.

"कशाला गो? लगीन हाय का घरात?"

"नाही. आम्ही मांडवात जेवणार आहोत."

"मांडवात जेवायचं म्हंजे लगीनच की," बाई म्हणाल्या आणि चांगल्या हिरव्यागार झावळ्या निवडून काढून दिल्या. निघताना मुलीच्या गालावरून हात फिरवून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "लय ल्हान हाय पोर. थांबली असतीस."

त्या झावळ्या मागे बांधल्यावर आमची स्कूटर मोर दिसायला लागली. शेपटं रस्त्यावर लोळत होती. मी सांगते ते अजिबात वाढवून नाही, त्या दुपारी घोडबंदर रोड आमच्यामागे इतका स्वच्छ होत गेला की काशिमीऱ्याच्या सिग्नलला झाडूवाल्या दोघीजणी कपाळाला हात लावून उभ्या राहिल्या, आता आमच्या नोकरीचं काय म्हणून. एक ट्रकवाला मागे जाऊन पुन्हा त्याच रस्त्याने आला, एवढा रस्ता त्याला आवडला. मुलगी म्हणते ट्रक वेगळा होता. ती मागे बसली होती, तिच्या तोंडावर झावळी होती, तिला काय दिसणार?

मांडव घालायला खालच्या मजल्यावरचे रत्नागिरीचे काका आले. काका बेस्टच्या नोकरीतून रिटायर झालेले, आणि काकू म्हणजे सोसायटीच्या कोजागिरीच्या सरसेनापती. दूध त्यांनी आटवायचं, मसाला त्यांनी कुटायचा, आणि वर्षातून एकदाच बाहेर निघणारं सोसायटीचं दुधाचं मोठं पातेलं त्यांच्याच माळ्यावर. काकांनी गावाला असताना निम्म्या तालुक्याचे मांडव घातले होते. रंगाच्या रिकाम्या डब्यांत रेती भरून त्यांनी बांबू उभे केले, काथ्याने आडव्या काठ्या बांधल्या, खिळा एकही नाही. चेअरमन काका येऊन प्रत्येक डब्याखाली पायपुसणं घालून गेले. आम्ही वर चार-सहा झावळ्या मोकळ्या मोकळ्या टाकल्या. भिंतींना साड्या लावल्या. मुलीने पेरू, सीताफळं, केळीचा घड टांगला. धाकट्याने फ्रिजमधून एक वांगं आणलं, तेही टांगलं. त्याचं म्हणणं, वांग्याला कुणी बोलवत नाही.

मुलगी मध्यभागी जमिनीवर उताणी पडली आणि वर बघितलं. झावळ्यांच्या फटींतून आभाळ पट्ट्यापट्ट्यांनी दिसत होतं. "हा खरा आहे," ती म्हणाली. तिने उठून फ्रॉक झटकला, आणि मला मिठी मारायची सोडून बांबूला मारली.

जेवणात मटण नाही, असा हुकूम तिने आधीच काढला होता. मटण आणि दूध आमच्यात एकत्र चालत नाही. मटण खाल्लं की पुढे कित्येक तास दुधाला शिवायचं नाही, आणि कोजागिरीचं दूध तर सगळ्यांबरोबर प्यायचंच. शिवाय गच्चीवर निम्मी बिल्डिंग जैन. नवऱ्याने आयुष्यात पहिल्यांदा आपणहून तोंड उघडलं. "सणाला मटण नाही?" मुलगी म्हणाली, "नाही." त्याने तोंड मिटलं. मी पुऱ्या, बटाट्याची भाजी केली आणि नारळाच्या दुधातला गव्हाच्या चिकाचा हलवा घोटला. हा हलवा घोटायला खांद्यात बैलाची ताकद लागते. मी घोटत होते तेव्हा खालच्या मजल्यावर पंखे हलत होते.

सूर्य मावळायच्या आत मी घरात सणाची मेणबत्ती लावली, आशीर्वाद म्हटला. मेणबत्ती लागली की सण लागला. सण लागला की काम बंद. बांधणं नाही, सोडणं नाही, फोन नाही, लिफ्टचं बटणही नाही. ते बटणाचं कलम त्याच वर्षी निघालं होतं. म्हणून आम्ही नवे कपडे घालून, पुऱ्यांचा डबा, हलव्याचं ताट आणि काळ्या मनुकांच्या शरबताची बाटली घेऊन चौथ्या मजल्यावरून गच्चीपर्यंत जिन्याने चढलो. मुलगी सगळ्यात पुढे. नवरा सगळ्यात मागे, सहाव्या मजल्यावर तो रानात भटकणाऱ्या आमच्या पूर्वजांसारखा दिसायला लागला होता.

गच्चीचं दार उघडलं आणि मुलगी जिथे होती तिथेच थांबली.

आम्ही खाली आंघोळी करत होतो तेवढ्या वेळात काकांनी मांडवाचं छप्पर करून टाकलं होतं. उरलेल्या सगळ्या झावळ्या घेऊन त्यांनी त्यांचे झाप विणले होते, पानात पान अडकवून, चटईसारखे, आणि एकावर एक तीन थर शाकारले होते. त्यावर चेअरमन काकांनी स्वतः आणलेली निळी ताडपत्री. चारी कोपऱ्यांना गाठी. आत ट्यूबलाइट. ट्यूबलाइटखाली टेबल, टेबलावर दुधाचं पातेलं, भोवती काकू आणि बिल्डिंगची पोरंटोरं, आणि दारात काका, अंगभर झावळ्यांचा कचरा, चेहऱ्यावर सत्कार समारंभाचं हसू.

"दवाचा बाप आला तरी आत येणार नाही," काका म्हणाले. "पाऊस पडला तर पडू दे. एक थेंब गळला तर माझं नाव बदला."

मुलगी आत गेली. मांडवाच्या बरोबर मध्ये उभी राहिली आणि वर बघितलं. निळी ताडपत्रीसुद्धा दिसत नव्हती, एवढे झाप घट्ट. तिच्या मैत्रिणी तिच्याभोवती जमल्या. "कुठेय गं आभाळ?" एकीने विचारलं. "तू म्हणालीस आतून आभाळ दिसतं."

मी पुढे झाले. "सोडूया की गाठी, त्यात काय."

"सण लागलाय," मुलगी हळूच म्हणाली. "सोडायचं नाही."

"मग काकांना सांगते."

"सांगायचं पण नाही. टीचर म्हणाल्या, दुसऱ्याला सांगून करून घेतलं तर ते आपणच केल्यासारखं." आणि तिची हनुवटी थरथरायला लागली.

मी नवऱ्याकडे बघितलं. तो पातेल्याकडे बघत होता. खोटं दव मी पाडलं होतं, खरी मुलगी त्यात भिजत होती, आणि तिला कोरडं करायला माझ्याकडे जिभेशिवाय काही नव्हतं. पण कुणाला काही सांगायचं नाही. बरं. मी गच्चीच्या कठड्याशी गेले आणि चंद्राशी बोलायला लागले.

चंद्र समोरच्या टॉवरच्या टाकीमागून नुकताच वर आला होता, परातीएवढा. परातीएवढा म्हणजे कमीच सांगतेय. "काय रे बाबा," मी म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "आज कोजागिरी. तुला दुधात पडायचं असेल. कसा पडणार तू? ताडपत्री. वाट बघत बस आता पुढच्या वर्षीपर्यंत."

मुलगी न्यायाधीशासारखी माझ्याकडे बघत होती. मी तिला सांगितलं, "मी कुणाला काही म्हटलं नाही. मी याच्याशी बोलतेय."

दूध ढवळणारा काकूंचा डाव थांबला. त्यांनी पातेल्यात बघितलं. पातेल्यात ट्यूबलाइट पडली होती. मग त्यांनी वर बघितलं, मग काकांकडे.

"अहो," काकू म्हणाल्या, "दुधात चंद्र दिसला नाही तर ही कोजागिरी कसली? मग गॅसवर उकळून घरीच प्यायलो असतो. काढा ते."

"काढा? अगो, तीन थर शाकारलेत. आणि दव?"

"काढा म्हणते ना."

"दूध फाटेल. ही सांगते ना, रायगडात—"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी आयुष्यात कधी मागे हटत नाही. "ते रायगडातलं दव हो, काका. रानातलं. इथलं दव मिरा-भाईंदरचं, त्याच्यात दम नाही."

काकू डाव घेऊन माझ्याजवळ आल्या. माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाल्या, "बाय माझे, पोर होते तेव्हापासून मी दूध आटवतेय. दवाने दूध फाटत नाही हे मला कळत नाही होय?"

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"पोर माझ्या दारात येऊन सांगून गेली होती ना, काकू, मांडव घालतोय, तुम्ही यायचंच. मी कशाला बोलतेय मग? पण आभाळाचं काही बोलली नाही ती. बोलली असती तर ह्यांना मी स्टुलावर चढूच दिलं नसतं."

इतकी वर्षं मी बिल्डिंगला गोष्टी सांगतेय, आणि माझ्याहून पक्की बाई माझ्या खालच्याच मजल्यावर दूध आटवत बसली होती. मला काही सुचेना. नवऱ्याने नंतर सांगितलं, ते दृश्य बघायला जिने चढलेले फिटले.

काका स्टुलावर चढले. आपल्याच हातांनी बांधलेल्या गाठी सोडताना त्यांचा चेहरा असा झाला होता, की सासरी निघालेल्या लेकीचा बाप बरा. ताडपत्री खाली आली. चेअरमन काका धावले, "धीरे, धीरे, नीचे वॉटरप्रूफिंग हाय." मग पहिला थर निघाला. मग दुसरा. पोरं खालून ओरडून सांगत होती, दिसत नाही अजून, दिसत नाही. तिसऱ्या थराला काकांनी झापांची वीण उसवली, एकाआड एक पान ओढून काढलं, आणि ते पान हातात धरून विचारलं, "एवढं गळकं चालेल?"

"अजून थोडं," काकू म्हणाल्या. त्यांना काहीही सांगितलेलं नव्हतं. त्या फक्त माझ्या मुलीच्या चेहऱ्याकडे बघून हुकूम सोडत होत्या. "हां. तिथून. ते वांग्याच्या वरचं काढा."

वांग्याच्या वरचं पान निघालं आणि कुणीतरी ट्यूबलाइट बंद केली. चांदणं आत आलं ते तिरकं, पट्ट्यापट्ट्यांनी, काकूंच्या खांद्यावर, पेरूंवर, चेअरमन काकांच्या टकलावर आणि दुधात. पोरं पातेल्यावर एवढी वाकली की दोघांची कपाळं एकमेकांवर आपटली. दुधात चंद्र होता, वेलदोड्याची पूड लागलेला, जरा हलणारा. मुलगी पातेल्याकडे गेलीच नाही. ती तिथेच जमिनीवर उताणी पडली, नव्या फ्रॉकसकट. तिच्या मैत्रिणी एकेक करून शेजारी पडल्या. मग धाकटा. मग, मी शपथेवर सांगते, चेअरमन काकासुद्धा एका पायपुसण्यावर आडवे झाले.

"तो बघ तारा," एकजण म्हणाला.

"विमान आहे ते. हलतंय."

"तारा पण हलतो."

"दिसतंय ना काहीतरी?" मुलीने विचारलं. "दिसतंय," सगळे म्हणाले. मग ती उठून बसली आणि मनुकांच्या शरबताचा पेला हातात घेऊन तिने आशीर्वाद म्हटला, हिब्रूत, एका दमात, कुठेही न अडखळता. कुणाला अक्षर कळलं नाही, पण शेवटी सगळ्यांनी आमेन म्हटलं, आणि काकांनी सवयीने टाळ्याही वाजवल्या. पुऱ्या उडाल्या, हलवा असा संपला की ताट धुवायची गरज राहिली नाही.

मग दूध आलं. काकूंनी पहिला ग्लास माझ्या नवऱ्यापुढे केला. नवरा दोन पावलं मागे सरकला.

"काय झालं? आमचं दूध नको?" काकूंचा आवाज चढला.

मुलगी वडिलांजवळ गेली. "पप्पा, खाली वाका." तो वाकला. तिने त्याच्या मिशीचा वास घेतला. "कालचं मटण," तिने जाहीर केलं. "फ्रिजमधलं. निळ्या डब्यातलं."

"शिळं होतं," नवरा म्हणाला. ती त्याची त्या दिवशीची दुसरी आणि शेवटची ओळ. बिल्डिंगला ती अजून पाठ आहे.

काकूंना सगळं समजावून सांगितलं. त्या हसल्या ते पातेलं डचमळेपर्यंत. त्याच्या वाटचा ग्लास मुलगी प्यायली, आणि मग तिला आणखी एक मिळाला, मांडवाची मालकीण म्हणून. तिला पांढऱ्या मिशा आल्या, वडिलांपेक्षा भारी. याचा फोटो नाही, कारण सणाला फोन नाही. माझ्या शब्दावर भागवावं लागेल.

मांडव सात दिवस राहिला. चेअरमन काका स्वतःच म्हणाले, राहू दे, दवाचं काय सांगता येत नाही. रोज संध्याकाळी पोरं आपापले डबे घेऊन वर यायची, कुणाची खिचडी, कुणाचा थेपला. पाचव्या की सहाव्या संध्याकाळी आम्ही सगळे आत जेवत असताना अचानक पाऊस आला, परतीचा, टपोऱ्या थेंबांचा. झावळ्यांतून सरळ आत, ताटात, आमटीत, डोक्यांवर. टीचरांनी सांगितलं होतं, जेवणात पाणी पडायला लागलं तर घरात जायला हरकत नाही. एकही पोर हललं नाही. सगळी आमटीचे वाडगे वर धरून थेंब झेलत होती आणि कुणाच्या वाडग्यात जास्त पडले यावर भांडत होती.

तेवढ्यात गच्चीच्या दारातून काका धावत आले, बनियनवर, खांद्यावर निळी ताडपत्री. मांडवाच्या तोंडाशी येऊन ते थबकले. मुलीने भिजलेला चेहरा वर करून त्यांच्याकडे बघितलं.

काकांनी ताडपत्री खाली ठेवली. आत वाकून एकेका कोपऱ्यात हात धरून बघितला, एखादा मिस्त्री नळ तपासतो तसा.

"इथे कमी गळतंय," ते मुलीला म्हणाले. "थांब, पान काढतो."